कृष्णविवर : स्वरूप आणि आकारमान

२००८ सालच्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट आमच्या संस्थेच्या बऱ्याच सभासदांना आठवत असेल. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जमिनीखालील २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात बसविलेले 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' नावाचे प्रचंड यंत्र १० सप्टेंबर रोजी सुरू होणार होते. त्या यंत्रातून कृष्णविवर तयार होईल आणि ते साऱ्या पृथ्वीला गिळून टाकील, असे काही दूरचित्रवाणी वाहिन्या दिवसरात्र सांगत होत्या. मध्य प्रदेशात एका सोळा वर्षांच्या मुलीने या भीतीपोटी आपला जीव दिल्याची बातमी त्या वेळी वृत्तपत्रांत आली होती.

आमच्याकडेही वेगळे चित्र नव्हते. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या चाळींत, बदलापूरच्या लोकल गाडीत, जेथे जावे तेथे हाच विषय होता. आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या नववीच्या एका मुलीने विचारले, "सर, परवाची चाचणी होणार आहे ना? की अभ्यास करून काही उपयोग नाही?" आम्ही तिला सांगितले की असे काही होत नसते, तू अभ्यास कर. त्यावर तिने दुसरा प्रश्न केला, "का होत नसते?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. आम्हीसुद्धा तिच्याप्रमाणेच ऐकीव माहितीवर विसंबून होतो. फरक एवढाच, की तिने भीतीची बातमी ऐकली होती आणि आम्ही धीराची.

प्रस्तुत लेख म्हणजे तेव्हाचे राहून गेलेले उत्तर होय. ते समजण्यासाठी शाळेतील गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. विद्यार्थी मित्रांनी वही-पेन्सिल जवळ घेऊन हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे.

नावामुळे होणारा गैरसमज

'कृष्ण' म्हणजे काळे आणि 'विवर' म्हणजे भोक किंवा बीळ. इंग्रजीतील 'ब्लॅक होल' हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी १९६७ च्या सुमारास रूढ केले. मराठी वाचकांच्या घरात हा विषय नेण्याचे बरेचसे श्रेय डॉ. जयंत नारळीकर यांना दिले पाहिजे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने एक कथा पाठविली. आपल्या नावाच्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेचे नाव होते 'कृष्णविवर'. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक संचालक असलेल्या नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले.

नाव सुटसुटीत आहे, पण त्यामुळे एक गैरसमज होतो. विवर म्हटले की मोरीच्या भोकाप्रमाणे सगळे आत ओढून घेणारा तळ नसलेला खड्डा डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः कृष्णविवर हा खड्डा नाही. ते भरपूर वस्तुमान अतिशय थोड्या जागेत कोंडले गेल्यामुळे तयार झालेले एक ठाम मापाचे क्षेत्र आहे. त्याचे वजन काढता येते आणि वजनावरून त्याचा आकारही काढता येतो. आता तेच करून पाहू.

मुक्तिवेग आणि एक सोपे गणित

दगड वर फेकला की तो खाली येतो. जास्त जोराने फेकला तर जास्त उंच जातो, पण येतो खालीच. मात्र एका ठरावीक वेगाने फेकला तर तो पृथ्वी सोडून कायमचा निघून जाईल. या वेगाला मुक्तिवेग म्हणतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. सूर्याच्या पृष्ठभागावर तो सेकंदाला सुमारे ६१८ किलोमीटर आहे, कारण सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट आहे.

मुक्तिवेग केवळ वस्तुमानावर ठरत नाही. ते वस्तुमान केवढ्या जागेत आहे, यावरही तो ठरतो. वस्तुमान तेच ठेवून गोळ्याची त्रिज्या चौथा हिस्सा केली, तर मुक्तिवेग दुप्पट होतो. त्रिज्या नवव्या हिश्शाएवढी केली तर तिप्पट होतो. म्हणजे वेग जितक्या पट हवा, त्या संख्येच्या वर्गाने त्रिज्येला भागावे.

आता प्रश्न असा, की सूर्य किती दाबला म्हणजे त्याचा मुक्तिवेग प्रकाशाच्या वेगाएवढा होईल? प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. ३,००,००० ला ६१८ ने भागले तर सुमारे ४८५ येतात. ४८५ चा वर्ग सुमारे २ लाख ३५ हजार. सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आहे. ७ लाखांना २ लाख ३५ हजारांनी भागा. उत्तर येते, सुमारे ३ किलोमीटर.

म्हणजे सूर्याचे सगळे वस्तुमान ३ किलोमीटर त्रिज्येच्या, अर्थात ६ किलोमीटर व्यासाच्या गोलात कोंबले, तर त्यातून प्रकाशही बाहेर पडू शकणार नाही. प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काहीच जाऊ शकत नाही, तेव्हा दुसरे काहीही बाहेर पडणार नाही. असा गोल म्हणजेच कृष्णविवर. अंबरनाथ ते बदलापूर हे अंतर रेल्वेने सुमारे ८ किलोमीटर आहे. या गोलाची एक कड अंबरनाथ स्थानकावर ठेवली, तर दुसरी कड बदलापूर स्थानकाच्या अलीकडेच राहील.

अशा प्रकारचा विचार इंग्लंडमधील जॉन मिचेल यांनी १७८३ साली आणि फ्रान्सच्या लाप्लास यांनी १७९६ साली मांडला होता. पुढे आइन्स्टाइन यांनी १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत दिला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड यांनी त्या सिद्धांतावरून केलेले गणित १९१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांच्या गणितातही सूर्यासाठी तेच ३ किलोमीटरचे उत्तर मिळते. मात्र अर्थ बदलतो. जुन्या कल्पनेत प्रकाश दगडाप्रमाणे थोडा वर जाऊन परत पडतो. नव्या सिद्धांतात या सीमेच्या आतून बाहेर येणारी वाटच उरत नाही.

या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. कृष्णविवराचा आकार म्हणजे या क्षितिजाचा आकार. तेथे जमीन नाही, भिंत नाही, हाताला लागेल असा पृष्ठभाग नाही. दर्यावर उभे राहून दिसणाऱ्या क्षितिजावर जशी खरी रेघ नसते, तसेच हे आहे. क्षितिजाच्या आत केंद्राशी घनता अनंत होते असे गणित सांगते. याचा सरळ अर्थ एवढाच, की तेथे आजचे गणित अपुरे पडते.

तारा का कोसळतो?

सूर्याला असा दाबणार कोण? उत्तर असे, की ताऱ्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षणच त्याला जन्मभर आत दाबत असते. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होऊन उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर रेटत असते. या दोहोंच्या तोलावर तारा उभा असतो. इंधन संपले की तोल जातो.

पुढे काय होते, हे १९३० साली एका एकोणीस वर्षांच्या भारतीय तरुणाने शोधण्यास सुरुवात केली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे उच्च शिक्षणासाठी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले असता, प्रवासातच त्यांनी हे गणित मांडले. इंधन संपलेला तारा आकुंचन पावून 'श्वेत बटू' बनतो, पण त्याचे उरलेले वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जास्त असेल तर त्याला त्या अवस्थेत थांबता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३५ सालच्या जानेवारीत लंडनच्या सभेत त्यांनी तो मांडला, तेव्हा त्या काळचे सर्वांत नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी सर्वांसमक्ष त्याची खिल्ली उडविली. गणित मात्र बरोबर होते. १९८३ साली चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसाने हसण्यावारी नेले म्हणून बरोबर उत्तर चूक ठरत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी यातून ध्यानात ठेवावे.

१.४ पटीच्या पुढचे काही अवशेष 'न्यूट्रॉन तारा' म्हणून स्थिरावतात. असा तारा अवघा २०-२५ किलोमीटर व्यासाचा असतो. अवशेष आणखी जड असेल तर त्याला थोपवून धरणारे काहीच राहत नाही आणि तो क्षितिजाच्या आत कोसळतो. आपला सूर्य मात्र कधीही कृष्णविवर होणार नाही, कारण त्याचे वस्तुमान त्यासाठी पुरेसे नाही. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगेल आणि शेवटी श्वेत बटू होईल.

वजन तेवढा आकार

श्वार्झशिल्ड यांचा नियम फार सरळ आहे. वस्तुमान दुप्पट तर त्रिज्या दुप्पट, दसपट तर दसपट. म्हणून जेवढ्या सूर्यांचे वस्तुमान, तेवढी संख्या घेऊन ३ किलोमीटरने गुणावे. काही उदाहरणे पाहू.

१) पृथ्वी : पृथ्वीचे कृष्णविवर करायचे झाल्यास तिला ९ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत दाबावे लागेल. म्हणजे डोंगर, समुद्र, आपली तिन्ही शहरे, सारे काही मुलांच्या खेळातील एका गोटीत.

२) हंस तारकासमूहातील 'सिग्नस एक्स-१' : वस्तुमान सुमारे २१ सूर्य. त्रिज्या सुमारे ६२ किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथपर्यंतच्या रेल्वे अंतराएवढी.

३) आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील 'सॅजिटेरियस ए-तारा' : वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्य. त्रिज्या सुमारे १ कोटी २७ लाख किलोमीटर. बुध ग्रह सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. अर्थात हे विवर बुधाच्या कक्षेत सहज मावेल.

४) 'एम-८७' या दीर्घिकेच्या केंद्रातील विवर : वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्य. त्रिज्या सुमारे १,९०० कोटी किलोमीटर. नेपच्यून हा आपल्या सूर्यमालेतील सर्वांत दूरचा ग्रह सूर्यापासून ४५० कोटी किलोमीटरवर आहे. या विवराच्या त्रिज्येएवढे अंतर कापण्यास प्रकाशालाही सुमारे १८ तास लागतील.

येथे एक खुलासा केला पाहिजे. वरील नियम न फिरणाऱ्या विवराचा आहे. विवर स्वतःभोवती फिरत असेल तर त्याचे क्षितिज आत सरकते आणि अतिवेगाने फिरणाऱ्या विवराच्या बाबतीत ते जवळजवळ निम्म्यावर येते. सिग्नस एक्स-१ असेच फार वेगाने फिरणारे आहे. फिरण्याचे हे गणित १९६३ साली न्यूझीलंडच्या रॉय केर यांनी सोडविले.

याच नियमातून एक चमत्कारिक वाटणारी, पण खरी गोष्ट निघते. वस्तुमान दुप्पट केले की त्रिज्या दुप्पट होते, म्हणजे घनफळ आठपट होते. दुप्पट माल आठपट जागेत गेला, तर सरासरी घनता चौथ्या हिश्शावर येते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराची सरासरी घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे १,८०० कोटी टन इतकी भरते. पण एम-८७ मधील विवराच्या बाबतीत हाच साधा भागाकार केला, तर ती आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही कमी येते! म्हणून कृष्णविवर म्हणजे नेहमी कल्पनातीत घट्ट गोळा, ही समजूतही पुरती खरी नाही.

दिसत नाही, मग कळते कसे?

न दिसणाऱ्या वस्तूवर विश्वास का ठेवावा, असा प्रश्न चौकस वाचक विचारतील आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर असे, की कृष्णविवर स्वतः दिसत नसले तरी त्याचा शेजाऱ्यांवरील परिणाम मोजता येतो. सिग्नस एक्स-१ भोवती एक मोठा तारा फिरतो. त्या ताऱ्याचा वायू विवराकडे जाताना भोवऱ्यासारखा फिरून अतिशय तापतो आणि क्षितिजाच्या बाहेर असतानाच क्ष-किरण फेकतो. हे क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून ते पाहण्यासाठी उपग्रह लागतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणे बनविण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

त्याच महिन्यात, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील 'लायगो' या प्रयोगात गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद झाली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन विवरे एकमेकांत मिसळली होती. बेरीज ६५ व्हावयास हवी, पण तयार झालेले विवर ६२ सूर्यांचे निघाले. उरलेल्या ३ सूर्यांएवढ्या वस्तुमानाची ऊर्जा होऊन ती लहरींच्या रूपाने पसरली. अशी अतिसूक्ष्म लहर यंत्राच्या गोंगाटातून कशी वेचावी, याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ सालीच मूलभूत काम केले होते. लायगोसारखीच प्रयोगशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे.

छायाचित्रही आता उपलब्ध आहे. जगभरातील रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेले एम-८७ च्या विवराचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी, तर आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचे चित्र १२ मे २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. तापलेल्या वायूच्या तेजस्वी कड्यात मधोमध काळी सावली दिसते. वस्तुमानावरून गणिताने काढलेला आकार आणि चित्रातील सावलीचा आकार यांचा मेळ बसला.

गिळते की नाही?

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. कृष्णविवराचे ओढणे हे त्याच्या वस्तुमानाएवढेच असते, एक कणही अधिक नाही. समजा, या क्षणी सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले. तर पृथ्वी आत ओढली जाणार नाही. १५ कोटी किलोमीटर अंतरावरून ती आजच्याप्रमाणेच वर्षाला एक फेरी घालील. अंधार होईल, सारे गोठेल, ही आपत्ती खरी. पण ती उजेड गेल्यामुळे, गिळल्यामुळे नव्हे. २०२२ साली जाहीर झालेले 'गाया बीएच-१' हे सुमारे १,५६० प्रकाशवर्षे दूर असलेले विवर याचा पुरावाच आहे. सूर्यासारखा एक तारा त्याच्याभोवती १८६ दिवसांत एक फेरी घालतो आणि सुखरूप आहे. धोका असतो तो क्षितिजाच्या अगदी जवळ जाणाऱ्यास.

मग जिनिव्हाजवळच्या त्या यंत्राचे काय? त्यात दोन प्रोटॉनांची टक्कर होते. एका टकरीची ऊर्जा फार झाली तर दहा-पंधरा उडत्या डासांच्या ऊर्जेएवढी. तिच्यातून विवर झाले असे घटकाभर धरले, तरी त्याचे वस्तुमान धुळीच्या कणाहूनही कितीतरी कमी आणि ओढही तेवढीच. शिवाय इतके लहान विवर टिकत नाही, ते क्षणार्धात ऊर्जा फेकून नाहीसे होते, असे स्टीफन हॉकिंग यांच्या १९७४ सालच्या सिद्धांतावरून निघते. आणि सर्वांत मोठा पुरावा आपल्या डोक्यावर आहे. अंतराळातून येणारे विश्वकिरण त्या यंत्रापेक्षाही जास्त ऊर्जेने कोट्यवधी वर्षे पृथ्वीवर आदळत आहेत. त्या यंत्रात पुढे असंख्य टकरी झाल्या, २०१२ साली 'हिग्ज बोसॉन' हा कण सापडल्याचे जाहीर झाले. पृथ्वी होती तेथेच आहे.

तेव्हा, ताई, तुझ्या 'का होत नसते?' या प्रश्नाचे उत्तर असे आहे : कारण ओढ वस्तुमानाएवढीच असते आणि त्या यंत्रात वस्तुमान नव्हते. तेवढे एक वाक्य त्या दिवशी आम्हास माहीत असते, तर अभ्यासिकेतील तीस-चाळीस मुलांची एक रात्र तरी सुखाची गेली असती. ज्या घरात ते सांगणारे कोणी नव्हते, तेथे काय घडले ते वर आलेच आहे.

यावर उपाय एकच. भीती सांगणाऱ्यास मोजमाप विचारावे : किती वस्तुमान, किती अंतर, किती आकार? आमच्या विद्यार्थ्यांनी या लेखातील ३ किलोमीटरचे गणित स्वतः करून पाहावे आणि घरी आई-वडिलांना व शेजारच्या लहान मुलांना समजावून सांगावे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत. तेथे २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. कल्याण-मुरबाड-माळशेज घाट या रस्त्याने आपल्या भागातून तेथे जाता येते. संस्थेने मुलांची एक सहल तिकडे अवश्य न्यावी, आणि जाताना ज्यांना त्या दिवशी उत्तर मिळाले नाही, त्यांनाही आता त्यांच्या मुलाबाळांसह बरोबर घ्यावे, अशी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.